रडणं ऐकू आलं, मग?

माउलीहो, मूल जन्मतं तेव्हा ते रडतं आणि घरची माणसं हसतात. आपल्या रडण्यानं लोकांना एवढा आनंद पुढं आयुष्यात कधी होत नाही. जुन्या निरूपणात त्या पहिल्या रडण्याचा अर्थ लावलेला आहे. गर्भात जीव 'सोऽहम्', म्हणजे 'तो मीच' म्हणत असतो. बाहेरचा वारा लागला की ते विसरतो आणि 'कोऽहम्', 'मी कोण' असा टाहो फोडतो. हा दाखला मी कित्येक कीर्तनांत दिला. आता कीर्तन थांबवून कळंब्यात घरी बसलो आहे आणि वाटतं, मी निम्मंच सांगत होतो. तान्ह्याचं रडणं ऐकणाऱ्यालाही विचारतं, "तू कोण?"

मला ते कसं विचारलं गेलं, ते सांगतो.

चाळीसेक वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात माझं कीर्तन होतं. गोरोबाकाकांचं चरित्र रंगात आलं होतं. तेरचे गोरोबाकाका नाम घेत माती तुडवताहेत, बायको पाण्याला गेली आहे, बाळ रांगत चिखलात येतं. महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये, म्हणजे १७६२ साली, 'भक्तविजय' पुरा केला, त्यातली ही कथा आपल्या घराघरात पोचलेली आहे. नेमकं तेव्हाच बायकांत एक तान्हं रडू लागलं. दोनदा मी थांबलो. तिसऱ्यांदा म्हणालो, "बाई, ते पोर घेऊन बाहेर जा. रंगाचा बेरंग होतोय." ती उठली आणि पदराखाली बाळ घेऊन अंधारात गेली. मी कथा पुढं नेली. पंढरपुरात नामदेवरायांच्या कीर्तनात गोरोबाकाकांना हात परत मिळाले, बाळ रांगत आईकडं आलं. माणसं डोळे पुसत होती.

रात्री पंगतीत म्हातारे विणेकरी शेजारी बसले. हळूच म्हणाले, "बुवा, देवानं बाळ आत आणलं. तुम्ही बाहेर घालवलंत."

माझा घास तसाच हातात राहिला.

नामात बुडालेल्याला बाहेरचं ऐकू येत नाही, असं आपण सांगतो. गोरोबाकाकांना ऐकू आलं नव्हतं. मला आलं होतं, आणि ऐकूनही मी त्याला अडथळा म्हटलं. तेवढ्यानंच माझी तल्लीनता किती होती ते उघडं पडलं. तुम्हीही आपल्याशी तपासून पाहा. पूजेत, पारायणात, वारीच्या तयारीत घरातलं रडणं ऐकू येत असताना आपण गोरोबाकाकांची गोष्ट पुढं करतो. त्यांची अवस्था आपल्याजवळ नसते. आपल्याला फक्त उठायचं नसतं.

मग ते रडणं सांगतं तरी काय? भूक, ओलं दुपटं, पोटातला वारा, झोप, नाहीतर नुसतं जवळ घ्या, एवढंच. पण यातलं नेमकं कोणतं, ते आवाजावरून आईलाही दर वेळी कळत नाही. डॉक्टर सांगतात की सुमारे सहा आठवड्यांपर्यंत बाळाचं रडणं वाढत जातं आणि तीन-चार महिन्यांत उतरतं. पुष्कळदा कारण सापडतच नाही. पहिले काही आठवडे तर डोळ्यांतून पाणीही येत नाही. सगळी भिस्त आवाजावर. आणि तो आवाज कानी पडला की आईला पान्हा फुटतो. आषाढी एकादशीला नंदवाळच्या वाटेवर टाळमृदंगाच्या गजरात आपलं मूल रडलं तर आई मागं वळते, हे मी पाहिलेलं आहे.

२००९ साली जर्मनीतल्या संशोधकांनी ३० फ्रेंच आणि ३० जर्मन नवजात बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांचा स्वर चढत जाणारा निघाला, जर्मन बाळांचा उतरत जाणारा, जशी त्यांच्या आयांची बोली. म्हणजे पोटात असतानाच बाळानं आईची चाल उचललेली असते. तिच्याच चालीत ते तिला हाक मारतं.

अशी हाक मी त्या रात्री मंडपाबाहेर घालवली. आणि बाळाबरोबर त्याची आईही गेली. ती बहुधा दिवसभर राबून घटकाभर देवाचं ऐकायला आली असेल. रडणाऱ्या मुलामागं थकलेली, ओशाळलेली आई असते, तिचं रडणं कुणाला ऐकू येत नाही. कधीकधी तीही वैतागते. अशा वेळी बाळाला गदागदा हलवणं फार धोक्याचं असतं. दुसऱ्या कुणीतरी त्याला हातात घ्यावं. तो दुसरा कुणीतरी आपण व्हायचं असतं.

त्यानंतर माझ्या कीर्तनात मूल रडलं की मी म्हणायचो, "बस माउली, उठू नकोस. आम्ही थांबतो." त्या पहिल्या बाईची माफी मागायची मात्र राहून गेली. ती कोण होती, हेही मी विचारलं नव्हतं.

परवा संध्याकाळी हरिपाठ चालू असताना नातवाचं बाळ रडू लागलं. नातसून न्हाणीत होती. मी टाळ खाली ठेवले, त्याला खांद्यावर घेतलं आणि अंगणात फेऱ्या मारल्या. बराच वेळ ते गप्प झालं नाही. का रडत होतं तेही कळलं नाही. ते खांद्यावर झोपलं, मग त्याला तसंच धरून मी राहिलेला हरिपाठ हळू आवाजात पुरा केला.

राम कृष्ण हरि.