संशोधनाचा निधी: दान की ऋण?

हवामान बदलाशी जुळवून घेण्याचे संशोधन आदिवासी व स्थानिक समुदायांच्या पुढाकाराने व्हावे आणि त्याचा निधी थेट त्यांच्या हाती जावा, ही मागणी वरकरणी प्रशासकीय वाटते. तिच्या मुळाशी मात्र दोन तात्त्विक प्रश्न आहेत: ज्ञाता कोणाला मानावे, आणि त्याला मिळणारा पैसा दान समजावा की ऋणफेड?

पहिल्या प्रश्नाचा विचार न्यायदर्शनाने केला आहे. न्यायमताच्या चार प्रमाणांपैकी, म्हणजे ज्ञानसाधनांपैकी, एक म्हणजे आप्ताचा शब्द. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते, ज्याला विषयाचे साक्षात ज्ञान आहे आणि जे जाणले ते तसेच सांगण्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असेही तो म्हणतो. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे गावरान बियाणे जपणाऱ्या, महादेव कोळी समाजातील राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत; तरीही या कसोटीवर त्या पूर्ण अर्थाने ज्ञात्या ठरतात. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पण आप्ताचा शब्द नोंदवून घेणे वेगळे आणि संशोधनाचे नेतृत्व त्याच्याकडे असणे वेगळे. पहिल्यात उत्तर गावाचे असले तरी प्रश्न बाहेरचा असतो. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गोंड गावाने अभ्यासगटांच्या रूपाने दुसरी वाट धरली. तेथे विषय गावकरी ठरवतात आणि बाहेरच्या जाणकारांना चर्चेत सहभागी करून घेतात. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा अभ्यास आणि निर्णय दोन्ही ग्रामसभेकडे आले.

पैसा या नात्याला आकार देतो. 2015 च्या पॅरिस कराराच्या सातव्या कलमात विज्ञानासोबत आदिवासी व स्थानिक ज्ञानाचाही आधार मान्य केला आहे. 2021 मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत देणगीदारांनी या समुदायांच्या जमीनहक्कांसाठी व वनरक्षणासाठी 170 कोटी डॉलर जाहीर केले. पहिल्या वर्षी दिलेल्या रकमेपैकी त्यांच्या संस्थांकडे थेट पोहोचले ते सुमारे 7 टक्के. उरलेला पैसा मध्यस्थांमार्फत गेला. प्रकल्पाची मुदत, मोजमाप आणि अहवालाची भाषा बहुधा पैसा हाताळणारा ठरवतो, आणि त्याबरोबर प्रश्नही त्याचाच होतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान सात्त्विक म्हटले आहे. पण अशा दानातही पात्रता दाताच ठरवतो. ऋणाची कल्पना याहून वेगळी आहे. वैदिक परंपरेत माणूस जन्मतः ऋणी मानला जातो आणि ऋषिऋण अध्ययनाने फेडले जाते. म्हणजे मिळालेल्या ज्ञानाचे काही देणे लागते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले वाण व वनस्पतींचे ज्ञान बाहेरच्यांनी वापरले, आणि ज्यांनी हवामान फारसे बिघडवले नाही त्यांनाच दुष्काळ सोसावा लागतो. हे पाहता निधी ऋणफेड ठरतो. 2002 च्या जैवविविधता कायद्यातील लाभवाटपाची तरतूद याच दिशेची आहे. ऋणफेडीतही हिशेब असतोच, फक्त तो ग्रामसभेपुढेही मांडावा लागतो.

हे तत्त्व आदिवासी गावांपुरते आहे का, याची परीक्षा बीड जिल्ह्यात होते. येथे अनुसूचित जमातींची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार एक टक्क्याच्या आसपास आहे. तरी गेवराई तालुक्यातील उमापूरसारखे गाव पर्जन्यछायेत येते आणि दुष्काळ तेही सोसते. आप्ताचे लक्षण जातीजमातीवर अवलंबून नसल्याने पावसाच्या खंडात पीक जगवणारा कोरडवाहू शेतकरी आणि चराईच्या वाटा जाणणारा मेंढपाळ हेही ज्ञाते ठरतात. ऋणाचा दावा मात्र आदिवासींचा अधिक जुना आहे, कारण जमीन व जंगल हिरावले जाण्याचा इतिहास त्याला जोडलेला आहे. म्हणून तत्त्व सर्वांना लागू असले तरी निधीत आदिवासींना अग्रक्रम न्याय्य ठरतो.

जुने ज्ञान चुकू शकते, हा आक्षेप खरा आहे. मृग-आर्द्राच्या नक्षत्रांवर बांधलेले पेरणीचे आडाखे आता अनेकदा फसतात. न्यायमताप्रमाणे ज्ञानाचे प्रामाण्य सफल कृतीवरून कळते, आणि ही कसोटी आडाख्याला तशीच संगणकीय प्रारूपालाही लागते. दुसरी अडचण गावातलीच आहे. दिवाळीच्या आसपास बीडमधील ऊसतोड कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात. त्या काळातल्या ग्रामसभेत त्यांचा आवाज नसतो. स्त्रिया आणि भूमिहीनांचेही अनेकदा तसेच होते. त्यामुळे निधी गावाच्या नावे देणे पुरेसे नाही. संशोधनाचा प्रश्न ठरवणाऱ्या सभेला हे सर्व हजर राहू शकतील अशी वेळ आणि व्यवस्था हीदेखील त्या ऋणफेडीची अट ठरते.