चांगल्या दिवसाची साक्ष

कॅन्सरचे उपचार संपले की घरात एक न बोललेली मुदत सुरू होते. महिना, फार तर दोन महिने; तेवढ्यात माणूस पूर्वीसारखा व्हायला हवा. जळगावपासून मुंबई चारशे किलोमीटरहून लांब. परळचं टाटा हॉस्पिटल, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, रात्रीच्या गाड्या हे सगळं सोसून आलेल्या बाईला धुळ्याकडची शेजारीण ओट्यावरून विचारते, ‘‘आते बरं शे ना?’’ हो म्हटलं तर कामं मागे लागतात, नाही म्हटलं तर विचारणारीचा चेहरा उतरतो. काल बरं होतं, आज नाही, उद्याचं सांगता येत नाही, हे खरं उत्तर. पण ते ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते.

माझ्या मते या काळात थकव्यापेक्षा त्याचा लहरीपणा जास्त छळतो. कायम अंथरुणावर असलेल्या माणसाची घराला सवय होते. मंगळवारी भाकरी थापणारी बाई बुधवारी ताट उचलू शकली नाही, की मात्र संशय येतो. ‘काल तर बाजारात गेली होतीस!’ म्हणजे तिचा चांगला दिवसच तिच्याविरुद्ध साक्षीला उभा राहतो. हा संशय पुढे तिच्याही मनात शिरतो. मग अंगात जरा त्राण आलं की ती साठलेलं धुणं, दळण, वाळवण एका दमात उरकते आणि नंतरचे दोन-तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहते.

हा थकवा कष्टाच्या थकव्यासारखा नाही. झोपेने तो जात नाही, केलेल्या कामाच्या प्रमाणात येत नाही आणि उपचार संपल्यावरही महिनोन्‌महिने, काहींना तर वर्षानुवर्षं रेंगाळतो. केमोसोबत पुष्कळदा स्टेरॉइड दिलं जातं. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस रुग्ण तरतरीत दिसतो आणि मग एकदम खचतो. भेटायला आलेले नातेवाईक नेमके तरतरीत दिवस पाहून जातात. शरीरातला दाह, अपुरी झोप, वेदना, नैराश्य अशी कारणं एकात एक गुंतलेली असतात. काहींवर इलाज आहे. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरसाठी मानेला रेडिएशन दिलं असेल, तर थायरॉइड मंदावू शकतं. गुटखा-तंबाखूच्या या मुलखात ही तपासणी विसरून चालणार नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. म्हणजे अनेकींचं हिमोग्लोबिन आजाराआधीच कमी असतं. थकव्याला शून्य ते दहा गुण द्यायची साधी पद्धत डॉक्टर वापरतात. चार किंवा जास्त आले, तर कारण शोधायला हवं. रोजचा आकडा वहीत लिहिला, तर तपासणीला जाताना हाताशी काही ठोस असतं. ‘रिपोर्ट चांगले आहेत’ या वाक्यात थकवा कुठेच दिसत नाही.

शेतकऱ्याला हे खरं तर समजावून सांगायची गरज पडू नये. कृषिपंपाची वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री येते. वीज नाही म्हणून पाणी भरलं नाही, तर त्या शेतकऱ्याला कोणी आळशी म्हणत नाही. आहे त्या तासांत कुठल्या वाफ्याला आधी पाणी द्यायचं, एवढंच तो ठरवतो. रुग्णालाही तेच करावं लागतं: आधी महत्त्वाचं एक काम, आणि दम संपायच्या आत थांबणं. फरक इतकाच, की पंपाच्या विजेला निदान वेळापत्रक असतं. आणि नुसतं पडून राहणं हाही उपाय नाही. झेपेल तेवढं नियमित चालल्याने हा थकवा कमी होतो, असं अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. मात्र मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या जळगावात ते पहाटेच जमेल.

गावात अशा वेळी शरद पवारांचं उदाहरण हमखास दिलं जातं. २००४ साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली, त्याच वर्षी ते केंद्रात कृषिमंत्री झाले. जिद्द निर्विवाद आहे. पण गाडी, सचिव आणि दाराशी डॉक्टर असलेल्या माणसाचा दिवस ही कापूस वेचणारीसाठी मोजपट्टी कशी होईल? शिवाय अशा कथांत पडून काढलेल्या दुपारी कोणी सांगत नाही.

व्यवस्थेलाही दोनच अवस्था कळतात. उपचाराला जाताना कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन होतं. त्यानंतरच्या अर्ध्यामुर्ध्या महिन्यांसाठी जवळजवळ काही नाही. नोकरदाराला रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. त्यावर माणूस एक तर फिट असतो किंवा नसतो. ‘आठवड्यात तीन दिवस, तेही कोणते ते सकाळी कळेल’ असं लिहायला त्यात रकाना नाही.

गंमत म्हणजे ज्या कामाला आपण सर्वांत निर्दय समजतो, त्या कापूस वेचणीत हा रकाना निघू शकतो. मजुरी किलोवर असते. दुपारपर्यंत वेचलं, तेवढ्याचं वजन केलं, हिशेब झाला. मालकाचं त्यात काही बुडत नाही. पण मजुरांचा टेम्पो सकाळी सगळ्यांना नेतो आणि संध्याकाळीच परत आणतो. मध्येच दम संपलेल्या बाईला बांधावर बसून राहावं लागतं, म्हणून ती मुळात जातच नाही, आणि मुकादमही तिला पुन्हा बोलावत नाही. दुपारी गावाकडे निघालेल्या एखाद्या मोटारसायकलवर तिला बसवून द्यायचं त्याने आधीच ठरवलं, तर ती आठवड्यातून दोन-तीनदा तरी वेचणीला येऊ शकेल.