ऐकलेलं म्हणून दाखवा

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचा श्वास दोघं मिळून सांभाळतात. सिस्टर पाळीभर खाटेजवळ असते. रेस्पिरेटरी थेरपिस्टना मात्र एकामागून एक खाटा बघायच्या असतात. पहाटेपासून कफ घट्ट येतोय, हे सिस्टरला माहीत असतं. ऑक्सिजन का वाढवला, हे थेरपिस्टना. पेशंट बरा व्हावा हे दोघांनाही मनापासून वाटतं. फक्त एकाला माहीत असलेलं दुसऱ्यापर्यंत पोचायला हवं. तोंडावर मास्क, बाजूला वाजणारे अलार्म, आणि ‘फिफ्टी’ नि ‘फिफ्टीन’ कानाला अगदी जवळचे.

म्हणून एक छोटी सवय मला फार मोलाची वाटते. थेरपिस्ट सांगतात, “सिस्टर, ऑक्सिजन ४० वरून ५० टक्के केलाय. अर्ध्या तासाने एबीजी काढू.” (एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी.) सिस्टर नुसतं ‘हो सर’ म्हणत नाही. ती म्हणते, “४० वरून ५०, अर्ध्या तासाने एबीजी.” “बरोबर.” झालं, काही सेकंदांचं काम. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने तोंडी आदेश असे परत वाचून दाखवणं २००३ सालीच आपल्या सुरक्षा उद्दिष्टांत घेतलं. चूक टळते, हा फायदा उघड आहे. पण मला त्याहून आवडतो तो त्या क्षणभराच्या थांबण्यातून होणारा दुसरा फायदा. आकडा म्हणता म्हणता सिस्टरला आठवतं, “सर, आत्ता कूस बदलली ना, त्यानंतरच सॅच्युरेशन उतरलं. कफ सुटला असेल.” सर स्टेथोस्कोप लावतात, सक्शनची तयारी होते. नुसत्या ‘हो’मध्ये हे राहून गेलं असतं.

करोनाच्या काळात व्हेंटिलेटरवरचे पेशंट पालथे करावे लागत. तेव्हाही हेच. डोक्याशी उभा असलेला नळी धरतो, एक-दोन-तीन तोच म्हणतो, बाकीचे त्याच्या आवाजावर हलतात. वळवून झालं की नळीवरची खूण मोठ्याने वाचायची: ओठाशी २२ होती, २२च आहे. सगळ्यांनी ऐकलं, की मगच हात सोडायचे.

फोन नंबर लिहून घेताना आपण तो परत म्हणून दाखवतोच, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग कामाच्या निरोपाचं तसंच का नसावं? आज कुणी काही सांगितलं, तर मान डोलावण्याआधी ते एकदा म्हणून दाखवा. आणि सांगणारे तुम्ही असाल, तर “काय सांगितलं मी?” असं विचारू नका, समोरच्याला परीक्षा दिल्यासारखं वाटतं. “माझ्याकडून काही सुटलं का?” असं विचारा. दिवसभर त्या खाटेजवळ असलेल्या माणसाकडे सांगण्यासारखं बहुधा काहीतरी असतंच.