हरलेल्या अपक्षाचं मोल

किनवट तालुक्याला लागून, पण राज्याच्या सीमेपलीकडे, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला बोथ हा अनुसूचित जमातींसाठी राखीव विधानसभा मतदारसंघ आहे. तेलुगू, मराठी, गोंडी आणि लंबाडी अशा चार भाषांत इथे मतं मागावी लागतात. डिसेंबर २०१८ च्या निवडणुकीत टीआरएसचे राठोड बापूराव इथून जिंकले. काँग्रेसचे सोयम बापूराव सुमारे साडेसहा हजार मतांनी हरले. तिसऱ्या क्रमांकावर होते अपक्ष अनिल जाधव, त्यांना अठ्ठावीस हजारांच्या आसपास मतं पडली. याच जाधवांना २०१४ मध्ये काँग्रेसची उमेदवारी होती. २०२३ मध्ये बीआरएसने, म्हणजे नाव बदललेल्या टीआरएसनेच, विद्यमान आमदाराला बाजूला सारून तिकीट जाधवांना दिलं आणि ते निवडून आले.

याला सरळ संधिसाधूपणा म्हणून मोकळं होता येतं. मला ते पटत नाही. आपल्या पक्षांमध्ये उमेदवार ठरवताना कार्यकर्त्याला कुणी विचारत नाही. यादी हैदराबादेत किंवा मुंबईत ठरते, नाहीतर थेट दिल्लीहून येते. अशा व्यवस्थेत आपल्यामागे माणसं आहेत हे सिद्ध करायचं तरी कुठे? अपक्ष उभं राहणं ही पक्षाबाहेर दिलेली पक्षाचीच परीक्षा असते, आणि ती सोपी नसते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. मतदानयंत्रावर त्याचं नाव पक्षवाल्यांच्या खाली. चिन्ह मिळतं ते अर्ज माघारीची मुदत संपल्यावर. मग उरलेल्या दोनेक आठवड्यांत ते तांड्यातांड्यांवर आणि गोंडांच्या गुड्यांवर पोचवायचं. तरीही अठ्ठावीस हजार माणसं ते शोधून बटण दाबतात, तेव्हा पक्षांना दखल घ्यावी लागते.

बोथमध्ये याला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडणारा बंजारा समाज तेलंगणात १९७६ च्या कायद्यानंतर लंबाडा म्हणून अनुसूचित जमातींत आला. राखीव जागांवर आपला वाटा जातो ही गोंडांची तक्रार तेव्हापासूनची, आणि २०१७ च्या आंदोलनात तिचा आवाज झालेले नेते सोयम बापूरावच. २०१८ मध्ये समोर राठोड आणि जाधव, दोघेही लंबाडा. दोघांत मतं फुटूनही गोंड उमेदवाराला बाजी मारता आली नाही. सहाच महिन्यांत तेच सोयम बापूराव भाजपच्या तिकिटावर लोकसभेत गेले. २०२४ मध्ये भाजपने त्यांना डावलून गोडम नगेश यांना उभं केलं. नगेश पूर्वी तेलुगू देसमचे बोथचे आमदार, २०१९ मध्ये टीआरएसकडून याच सोयमांविरुद्ध हरलेले. आता सोयम काँग्रेसमध्ये आहेत. या भागात समाज आणि माणूस घट्ट, पक्ष मात्र हंगामी.

कायदाही गमतीचा आहे. १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टानुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला आमदार एखाद्या पक्षात गेला तर त्याची आमदारकी जाते. हरलेल्यावर मात्र कसलंच बंधन नाही. जिंकलेल्याने बाहेरून पाठिंबा देऊन वाट काढायची, हे महाराष्ट्राने १९९५ मध्ये पाहिलं. तेव्हा तब्बल ४५ अपक्ष निवडून आले होते आणि शिवसेना-भाजपचं १३८ चं गणित त्यांच्याशिवाय जुळत नव्हतं. २०२४ मध्ये अपक्ष आमदार उरले दोन. त्याच वर्षी सांगलीत जागावाटपात डावलले गेलेले विशाल पाटील मात्र अपक्ष खासदार झाले आणि लगेच काँग्रेसच्या मागे उभे राहिले. तिथल्या काँग्रेसवाल्यांनी आपला उमेदवार पक्षाबाहेर जाऊन निवडला, एवढाच त्याचा अर्थ.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. २०१८ च्या त्या मतांत सत्ताधारी पक्षाला कंटाळलेले लोक नक्की असणार. त्यांची मतं मोजून जो भाव ठरला, तो वटला त्याच सत्ताधारी पक्षाकडे. पक्षांतरबंदीला निवडून आलेलेच दिसतात. हरलेल्याला मिळालेल्या मतांचा धनी कोण, हे कुठल्याच परिशिष्टात लिहिलेलं नाही. आणि असा जुगार एकदा हरून पाच वर्षं तग धरणं सालगड्याच्या किंवा कापूस वेचणाऱ्याच्या पोराला परवडत नाही. त्यामुळे पक्षाबाहेरची ही परीक्षासुद्धा गाठीला पैसा असलेल्यांचीच राहते.