गावातलं तिसरं माणूस

पुणे-सोलापूर महामार्गाने भिगवण मागे टाकलं, पळसदेव गेलं की लोणी देवकर येतं. रस्त्याला लागून औद्योगिक वसाहत, तिच्या मागेपुढे ऊस आणि थोड्या अंतरावर उजनी धरणाचं पाणी. इथल्या आठवी-नववीतल्या पोराला किंवा पोरीला शाळेखेरीज काही शिकायचं असेल तर काय सोय आहे, हे इंदापूरच्या किंवा भिगवणच्या बाजारपेठेतले फलक वाचले की समजतं. स्कॉलरशिप, नवोदय, सैनिकी शाळा, अबॅकस, स्पोकन इंग्लिश, पोलीस भरती. बारामतीला गेलं तर यादी वाढते, कराटे, डान्स आणि रोबोटिक्सही मिळतं. बहुतेक फलकांवर मागच्या वर्षी निवड झालेल्या मुलांचे फोटो असतात, फोटोखाली गुण.

या वर्गांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. नवोदय विद्यालय जिल्ह्याला एक, पुण्याचं शिरूर तालुक्यात पिंपळे जगताप इथं, आणि सहावीच्या जागा ८०. तिथं नंबर लागला तर मुलाचं बारावीपर्यंतचं शिक्षण, राहणं, जेवण सगळं मार्गी लागतं. दोन-अडीच एकराचा धनी पाचवीतल्या लेकराला त्यासाठी क्लास लावतो, तेव्हा तो हिशेबी आणि शहाणा बाप असतो. पण या फलकांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. बहुतेक वर्गांच्या टोकाला निवड आहे आणि निवड म्हटली की ज्यांची झाली नाही ते आले. गावातली बहुसंख्य मुलं त्या दुसऱ्या यादीत असणार, हे वर्ग सुरू होण्याआधीच ठरलेलं असतं.

मुलांसाठी ‘काहीतरी उपक्रम’ हवेत असं आपण म्हणतो, तेव्हा ते कशासाठी हवेत याचा विचार क्वचितच करतो. व्यक्तिमत्त्व विकास, कलागुणांना वाव, स्पर्धेच्या युगात टिकणं ही उत्तरं तयारच असतात. मला वाटतं, खरी गरज निराळी आहे. वाढत्या मुलाच्या आयुष्यात दोन प्रकारची मोठी माणसं असतात, घरची आणि शाळेतली. दोघांचीही त्याच्यावर माया असू शकते, पण दोघांचाही जीव त्याच्या निकालात अडकलेला असतो. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाला आणखी एक माणूस लागतं. ज्याला स्वतःला एखादी गोष्ट मनापासून येते, जे ती करताना मुलाला शेजारी बसू देतं आणि ‘किती टक्के पडले’ हे विचारत नाही. उपक्रमाचा दर्जा ठरवायचाच असेल, तर त्यातून मुलाला असं तिसरं माणूस भेटलं का, एवढं पाहावं.

जुन्या गावात हे माणूस होतं. तालमीत वस्ताद होता. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेली लाल माती भल्या पहाटे खोऱ्याने उकरायची, मग जोर-बैठका, मग लढत. वस्ताद पोराची मान धरून डाव सांगायचा, चुकला की पुन्हा माती. घरी न ऐकणारं पोरगं तिथं निमूट ऐकायचं. भजनी मंडळात पखवाज वाजवणारा म्हातारा होता. पोरानं आधी वर्षभर टाळ धरायचे, ठेका अंगात भिनू द्यायचा, मग कधीतरी म्हातारा पखवाज त्याच्या मांडीवर सरकवायचा. परीक्षा होती ती कार्तिकातल्या काकड्याची, सगळ्या गावासमोर. तुकोबांची पालखी याच मुलखातून जाते, काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, बेलवाडीला आणि इंदापूरला गोल रिंगण. या वाटेवरच्या मुलांनी ताल आणि पाऊल कुठल्या क्लासमध्ये घेतलेलं नव्हतं. धनगरवाड्यांवरचं गजीनृत्यही असंच मोठ्यांच्या मागे उभं राहून उतरलं.

हे सांगताना डोळे पाणावून घेण्यात अर्थ नाही. त्या तालमीत मुलीला पाऊल टाकता येत नव्हतं. भजनात कोण पुढे बसेल आणि कोण ओट्याच्या खाली, हे अनेक गावांत जातीवर ठरत होतं. पैसे भरून मिळणाऱ्या क्लासने निदान हा एक दरवाजा उघडला. फी भरली की कराटेच्या वर्गात मुलगी आणि मुलगा एकाच रांगेत उभे राहतात, आडनाव विचारलं जात नाही. आता जी रचना करायची, तिच्यात तालमीतला वस्ताद हवा आणि क्लासचा उघडा दरवाजाही हवा. फी मात्र नको.

असं पूर्वी कुणी केलंच नाही, असंही नाही. राष्ट्र सेवा दलाची १९४१ मध्ये एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली नव्याने बांधणी झाली, तेव्हा रोज संध्याकाळी मैदानावर भरणारी शाखा हा तिचा गाभा होता आणि शाखेत मुलं-मुली एकत्र येत. खेळ, गाणी, गप्पा, लेझीम. पुढे याच चळवळीच्या कलापथकांतून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके ही मंडळी आली. पण मला त्यांच्यापेक्षा त्या शेकडो मुलांचं अप्रूप वाटतं ज्यांचं पुढे नाव झालं नाही, आणि ज्यांना रोज संध्याकाळी कुणीतरी मोठा माणूस आपल्यासाठी मैदानावर येऊन उभा आहे हे ठाऊक होतं. बारामतीहून नीरा ओलांडून जवळच असलेल्या फलटणला मॅक्सिन बर्नसन या मूळच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मुक्काम केला, भारतीय नागरिकत्व घेतलं, शाळेबाहेर राहिलेल्या दलित वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवण्यापासून सुरुवात केली. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन उभं राहिलं. संस्था पुढे मोठी झाली, पण सुरुवात मुलांजवळ बसण्यापासूनच होती.

मग आज गावात हे माणूस का दिसत नाही? काही उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक द्यायला सांगितलेले आहेत, पण सहावी ते आठवीचा पट १००च्या वर असेल तिथं. म्हणजे गाव जितकं लहान आणि सोयींपासून जितकं लांब, तितका चित्रकलेचा माणूस मिळण्याचा हक्क कमी. ही अट वाचली की राग येतो. शंभरापेक्षा कमी मुलं असलेल्या शाळेत चित्र काढावंसं वाटणारी मुलं नसतात का?

दुसरं उत्तर आपल्याच वागण्यात आहे. जे काही उरलंय त्यालाही आपण गुणांच्या वाटेला लावलं. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत अ श्रेणी मिळाली की दहावीला ७ वाढीव गुण, ब ला ५, क ला ३. हेतू चांगला होता, कलेला मान मिळावा असाच. झालं असं की चित्र सात गुणांपुरतं उरलं. दहावीचा निकाल लागला की रंगपेटी माळ्यावर जाते. शाळेचं गॅदरिंगही असंच. दोन आठवडे बाहेरचा नाच बसवणारा येतो, मोबाइलवर गाणं लावून स्टेप्स पाठ करून घेतो, मुलं छान नाचतात आणि तो निघून जातो. मुलांना नाच मिळतो, नाचणारं माणूस मिळत नाही.

तिसरं उत्तर पैशाचं म्हणता येईल, पण इथं पैसा अगदीच नाही असं नाही. कंपनी कायद्यानुसार ठरावीक नफ्याच्या वरच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. औद्योगिक वसाहतींच्या आसपासच्या शाळांत हा पैसा दिसतो. बाकडी, पाण्याचं मशीन, संगणक, रंगवलेल्या भिंती. प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव. वस्तू देणं सोपं आहे, तिचा फोटो निघतो. एका माणसाच्या आठवड्यातल्या तीन संध्याकाळी वर्षभर विकत घेऊन मुलांना देता येतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. त्याचा फोटो काढायचा कसा, हाही प्रश्नच.

आणि माणसं तर आहेत. वसाहतीतल्या फॅक्टऱ्यांत फिटर आहेत, टर्नर आहेत, वेल्डर आहेत. त्यांच्यातला एकजण आठवड्यातून एकदा शिफ्ट सुटल्यावर शाळेच्या ओट्यावर बसला तर काय होईल, ते एका साध्या गोष्टीवरून सांगतो. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि सायकलची वालट्यूब यांतून एक खेळ तयार केला. वालट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, दोन्ही तोंडांत काड्या खुपसायच्या, सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन केला की बोटाने ढकलताच तो तिरका होतो, लोळतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा, काही केल्या हलत नाही. चौकोनात एक तिरपी काडी टाका, तोही ताठ उभा राहतो. मग वेल्डर मुलांना बाहेर नेईल आणि शेडच्या छताखालची कैची दाखवेल, शिवारातला विजेचा मनोरा दाखवेल. इतकी वर्षं रोज पाहिलेल्या त्या लोखंडात किती त्रिकोण आहेत, हे पोरं मोजत बसतील. पुण्यात आयुका या खगोलविज्ञान संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत गुप्तांनी वर्षानुवर्षं हेच केलं. बारामतीतही आता विज्ञान केंद्र आहे, शाळांच्या सहली तिथं जातात. सहल जरूर जावी. पण सहल वर्षातून एकदा, आणि वेल्डर शेजारच्या गल्लीत राहतो.

पाण्याच्या बाजूलाही असंच. उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, कुंभारगाव आणि डिकसळला लांबलांबून पर्यटक येतात, आणि त्यांना होडीतून पक्षी दाखवतात ते बहुतेक मच्छीमार. कुठल्या महिन्यात कुठला पक्षी कुठल्या चिखलात उतरतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. इंदापूरच्या तहसील कचेरीच्या आवारात चिंचेच्या झाडांवर चित्रबलाकांची घरटी असतात. दाखल्यासाठी ताटकळणारी माणसं त्या झाडांखाली उभी असतात, वर पिल्लं आई-बापांनी आणलेले मासे खात असतात. तालुक्यातली किती मुलं ते बघायला म्हणून तिथं गेली असतील? पाणी पुरेसं ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं. ते पाण्याखाली का गेलं, गाव वर कधी आलं, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून गावात आहेत. मे महिन्यातली एक पहाट त्यासाठी पुरते.

मात्र हे सगळं लिहिताना मुलीच्या आईचा चेहरा समोर येतो. ती म्हणणार, “सर, अनोळखी माणसाकडं संध्याकाळची पोरगी पाठवू का?” तिची भीती खरी आहे आणि तिला कुणी मागासलेपणा म्हणू नये. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे, पण तो शाळेच्या जाण्यायेण्याचा. संध्याकाळचा वर्ग तालुक्याला असेल तर परतीच्या गाडीची खात्री नसते, महामार्गावर थांब्यावर उभं राहणं नको वाटतं, आणि मुलीचा क्लास तिथंच संपतो. म्हणून वर्ग गावातच हवा, चारचौघांच्या नजरेसमोर, शाळेच्या ओट्यावर किंवा मंदिराच्या सभामंडपात, आणि तिथं कुणी ना कुणी बाई बसलेली हवी. बचत गटातली, अंगणवाडीतली, कुणाची आजीही चालेल. तिसऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा तर त्याच्यावर गावाचं लक्षही हवं. वस्तादावर होतं तसंच.

आणि कुणालाही नाव नोंदवायची अट नको, कारण दिवाळीनंतर इथं आणखी मुलं येतात. बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाच्या कडेला कोपी उभी राहते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्यांच्या मागे धाकट्याला कडेवर घेऊन फिरणारी नऊ-दहा वर्षांची थोरली. तिची शाळा पाच महिने सुटलेली असते. कसलाही प्रवेश अर्ज, ओळखपत्र, फी मागितली की ती दाराबाहेरच राहणार. ओट्यावर बसून काड्यांचा त्रिकोण करायला तिला यातलं काही लागत नाही, धाकट्याला मांडीवर घेऊनही तो करता येतो.

खर्च किती? वालट्यूब, काड्या, कागद, रंग यांचा फारसा नाहीच. खरा खर्च येणाऱ्या माणसाच्या मानधनाचा, आणि ते द्यायलाच हवं. ‘समाजसेवा म्हणून करा’ असं सांगून वेल्डरच्या थकलेल्या संध्याकाळी फुकट मागण्याचा आपल्याला अधिकार नाही. फुकट आलेला माणूस महिनाभरात थांबतो, आणि मुलांना सगळ्यांत जास्त लागतं ते त्याचं न थांबता येत राहणं. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. साहित्यवाटपावर तो पैसा जातो, बऱ्याचदा वर्षअखेरीस घाईत. त्यातला काही भाग तीन माणसांच्या संध्याकाळींसाठी वळवायला नवी योजना लागत नाही, ठराव लागतो.

शाळेचा निकाल १ मेला लागतो, त्याच दिवशी ग्रामसभाही असते. पुढचे दीड महिने पोरं मोकळी असतात, शाळेच्या खोल्या बंद असतात आणि किल्ली कुणाकडे तरी असते. गावात कुणाला काय येतं, त्यातलं कोण संध्याकाळी बसायला तयार आहे, शाळेची किल्ली कुणाकडे राहील आणि मानधन कुठल्या शीर्षाखाली निघेल, एवढे चार प्रश्न त्या सभेपुढे ठेवता येतात. विषय आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा लागतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिला तर वेळेत पोचतो.