दारातली जुनी गाडी

द्राक्षाला भाव सापडला त्या साली दादांनी जपानी फोर-बाय-फोर घेतली. निफाडकडं तेव्हा बंगल्यापुढं अशी गाडी असली की सोयरीक लवकर जुळायची. पंधरा वर्षं झाली, आरटीओत पासिंग करून आणखी पाच वर्षं वाढवली. आता ती दारात कमी, मिस्त्रीकडं जास्त. पार्ट कुर्ल्याच्या भंगार बाजारात धुंडायचे, अन् डिझेल तर म्हशीनं पाणी प्यावं तशी पिते.

मागच्या ऑक्टोबर छाटणीला गिअरबॉक्स गेला. घरात पैसे होते ते मजुरीचे. "आठ दिवसांनी देऊ, सुरगाण्याची माणसं काय पळून जात्यात?" थोरला म्हणाला. मी गिअरबॉक्स केला. मुकादम काही बोलला नाही. त्याची बायको किराणा दुकानातून रिकामी पिशवी घेऊन परतताना दिसली.

पुढं आठच दिवसांत परतीच्या पावसानं झोडपलं. रात्री मुकादमाच्या सुनेला कळा सुटल्या; मळ्याच्या रस्त्यात ट्रॅक्टर रुतलेला. मी दांडा ओढला, चारी चाकं लागली, चिखल फाडत गाडी पिंपळगावच्या दवाखान्यात. खरं सांगतो, त्या घाईतही चालवायला मजा आली.

घरचे म्हणतात, फिटलं. मला हा हिशेब जुळत नाही. गाडी पोरीच्या उपयोगी पडली, पण गिअरबॉक्स केला तेव्हा ती कुठं माझ्या मनात होती?

सकाळी मुकादमानं आपणहून गाडी धुतली. मी नको म्हणालो नाही.