पक्षपाती छाननी आणि विवेक

ध्रुवीकरण हे अविवेकाचे लक्षण होय, असे गृहीत धरण्याची रीत आहे. तिला आधार म्हणून लॉर्ड, रॉस आणि लेपर यांच्या १९७९ मधील स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो. देहान्तशासनाचे २४ समर्थक आणि २४ विरोधक विद्यार्थी यांना, त्या शिक्षेने खुनांना आळा बसतो की नाही याविषयीचे दोन परस्परविरोधी अभ्यास वाचावयास दिले गेले. पुरावा संमिश्र असल्याने मते जवळ यावयास हवी होती. वाचनानंतर मात्र दोन्ही पक्षांनी आपापले मत अधिक दृढ झाल्याचे सांगितले.

तथापि या विद्यार्थ्यांनी प्रतिकूल पुराव्याकडे पाठ फिरवली नव्हती. उलट तोच अधिक बारकाईने तपासला. आणि बारकाईने पाहणाऱ्याला उणिवा सापडतातच. थॉमस केली यांनी २००८ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर बोट ठेवले. सापडलेली उणीव खरी असेल, तर तिची दखल घेणे अविवेकी कसे? समीक्षकाला तर हा व्यवहार चांगलाच परिचित आहे. आपल्या भूमिकेला छेद देणारे विवेचन तो ओळीओळीने वाचतो. अनुकूल विवेचन डोळ्यांखालून घालतो. (परीक्षणे लिहिणाऱ्यांनी हे सहसा कबूल केलेले नाही.)

संहितेच्या बाबतीत हा पेच अधिक गहिरा होतो. १८९१ च्या कायद्याने मुलींच्या संमतीचे वय १० वरून १२ वर नेले. त्या वादात रा. गो. भांडारकर आणि लोकमान्य टिळक परस्परविरुद्ध बाजूंना होते. दोघेही संस्कृतज्ञ, दोघांपुढे एकच धर्मशास्त्रपरंपरा. गर्भाधान लांबवण्यास भांडारकरांना शास्त्राधार दिसला. टिळकांनी तो मानला नाही. यांपैकी कोणी जाणूनबुजून अर्थाची ओढाताण केली असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. वचने इतकी विपुल आहेत की कोणते प्रमाण मानावयाचे आणि कोणाची कसून परीक्षा घ्यावयाची, या निवडीतच निष्कर्षाची दिशा ठरून जाते. परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला टिळकांचा असलेला विरोध हे या निवडीमागचे एक कारण होते, आणि तेही अविवेकी म्हणता येत नाही.

म्हणजे प्रत्येक पायरी समर्थनीय, आणि तरी दोन विद्वान परस्परांपासून दूर. मग दोष कोठे? असमान छाननीत नव्हे. ती केल्याचा विसर पडण्यात. जेथे शोधलेच नाही तेथे उणीव सापडली नाही, यावरून ती नाही असे ठरत नाही. आपण कोठे शोधले नाही, ही माहितीदेखील पुराव्याचाच भाग आहे, आणि ध्रुवीकरणाच्या समर्थनात नेमकी तीच वगळली जाते.

शास्त्रार्थाच्या या वर्तुळाबाहेरही पुरावा होता. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी या बालपत्नीच्या मृत्यूचा खटला चालला. तिचे वय १० च्या पुढे असल्याने पतीवर बलात्काराचा गुन्हा ठरू शकला नाही. सुधारकांनी या घटनेचा दाखला दिला. परंतु स्मृतिवचनांवर ज्या कसोशीने खल झाला, त्या कसोशीने वाचली जाण्यासारखी कोणतीही संहिता त्या मुलीने मागे ठेवली नव्हती.